रूढीच्या प्रकरणाबद्दल

प्रिय सुधीर,

तुझ्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका वाचली. पहिली तीन प्रकरणं व्याख्या, इतिहास आणि 'आंतरराष्ट्रीय कायदा हा खरंच कायदा आहे का' या वादातच जातात. ती मागे टाक, ही कळकळीची विनंती. हा कायदा सापडतो कुठे, ते मुलांना आधी कळू दे. वाद मग ती स्वतःच घालतील.

म्हणजे सुरुवात आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतल्या (म्हणजे त्याच्या मूळ नियमावलीतल्या) कलम 38 पासून: करार, रूढी, कायद्याची सर्वसाधारण तत्त्वं, आणि साहाय्यक साधनं म्हणून न्यायनिर्णय व विद्वानांची मतं. मुलं ही यादी घोकतात आणि रूढी म्हणजे काय विचारलं की 'दीर्घकाळ चालत आलेली प्रथा' एवढंच लिहून मोकळी होतात. कायद्याने बांधलेले आहोत या जाणिवेने ती प्रथा पाळलेली हवी, हा अर्धा भाग राहूनच जातो. नुसत्या व्याख्येने तो गळी उतरत नाही. त्यासाठी एकच खटला सावकाश उलगड: पोर्तुगाल विरुद्ध भारत, निकाल 12 एप्रिल 1960.

दमण आणि दादरा-नगर हवेली पोर्तुगालच्या ताब्यात होती, पण दमणहून दादरा-नगर हवेलीला जायचं तर भारताची हद्द ओलांडावी लागे. जुलै 1954 मध्ये भारताने ती वाट बंद केली आणि डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्याचा एक आधार होता मराठ्यांशी झालेला 1779 चा पुण्याचा तह. न्यायालयाने तह वैध मानला. पण त्यातून आणि नंतरच्या सनदांतून मिळालं ते सरंजामी महसुलाचं उत्पन्न, सार्वभौमत्व नव्हे, असं ठरवलं. करारातला शब्द न् शब्द पारखून वाचायचा असतो, हे शिकवायला आपल्या मुलांसाठी याहून जवळचं उदाहरण नाही.

मग न्यायालय प्रथेकडे वळलं. रूढी दोनच देशांपुरतीही असू शकते, हे त्याने मान्य केलं. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू होती, म्हणून तेवढ्यापुरता हक्क 11 विरुद्ध 4 मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांचं तसं नव्हतं. सैन्य न्यायचं तर रीतसर विनंती करायची, असं ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्या 1878 च्या तहातच लिहिलेलं होतं. वाट तीच, वर्षंही तीच; पण परवानगी मागूनच जायचं असेल तर तो हक्क कसला? असा हक्क नाही, हे 8 विरुद्ध 7 मतांनी ठरलं. हा फरक फळ्यावर दोन रकान्यांत मांड. शिवाय मान्य झालेला हक्कही भारताच्या नियंत्रणाखालचा होता; 1954 ची तणावाची परिस्थिती पाहता भारताने त्याचा भंग केला नाही, हे 9 विरुद्ध 6 मतांनी ठरलं.

निकाल वाचायला देताना शेवटचा आदेशाचा भाग आधी वाचायला लाव, मग कारणं, मग भिन्नमतं. न्यायालयाच्या संकेतस्थळावर सगळं फुकट मिळतं.

सही आणि अनुसमर्थन (सहीनंतर करार बंधनकारक मानायला देशाने दिलेली अंतिम मान्यता) यांतला गोंधळ हमखास होतो. उत्तर समुद्राच्या तळाच्या वाटणीवरच्या 1969 च्या खटल्यात जर्मनीची खंडान्त उताराबाबतच्या (किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाबाबतच्या) 1958 च्या करारावर सही होती, अनुसमर्थन नव्हतं. म्हणून करार तिला लागू झाला नाही. न्यायालयाच्या संविधीतलं कलम 59 ही विसरू नकोस: निकाल फक्त त्या पक्षकारांना, त्याच प्रकरणापुरता बांधतो.

'लोटस' हा 1927 चा खटलाही दे, पण जहाजांच्या टकरीबाबतचा त्यातला नियम पुढे खुल्या समुद्राबाबतच्या 1958 च्या आणि सागरी कायद्याच्या 1982 च्या करारांनी बदलला, हे त्याच पानावर छाप. नाहीतर मुलं जुनाच नियम परीक्षेत लिहितील.

रूढीच्या प्रकरणाचा कच्चा खर्डा झाला की लगेच पाठव.

तुझा,
माधव