बाबा, सोळाशे अजून आहेत

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असतात आणि मग आठवडाभर गप्प बसला असतात. म्हणून लिहिते. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे, आणि त्यासाठी माझ्या नावावरचे एचडीएफसी बँकेचे 400 शेअर विकले आहेत. आधी विचारलं असतं तर तुम्ही एफडी मोडायला निघाला असतात. नानामामाच्या प्रकरणानंतर तुमच्या हाताशी काय उरलंय ते मला ठाऊक आहे. एफडीला हात लावायचा नाही.

चारशे ऐकून घाबरू नका. तुमच्याच पद्धतीने हिशेब मांडते. बँकेचा 1995 चा पहिला शेअर-इश्यू 55 पट भरला, त्यातून तुम्ही माझ्या नावावर 100 मिळवलेत, दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर दहालाच. त्या दिवाळीत आईने सर्टिफिकेट पाटावर ठेवलं होतं. कोपऱ्यातलं कुंकवाचं बोट डिमॅटला, म्हणजे कागदाऐवजी खात्यात जमा करायला, देतानाही तसंच होतं. जुलै 2011 मध्ये दहाचा शेअर दोनचा झाला, शंभराचे पाचशे. सप्टेंबर 2019 मध्ये दोनचा एकचा, हजार. ऑगस्ट 2025 मध्ये एकास एक फुकट, दोन हजार. (तो बोनस होता, दर्शनी किंमत एक रुपयाच राहिली. माहीत आहे, तुम्ही लगेच दुरुस्त केलं असतंत.) म्हणजे माझे चारशे हे तुमच्या शंभरातले वीसच. त्यांना तुम्ही दोनशे रुपये मोजले होते. दोनशे रुपयांत आईचे दोन्ही गुडघे, बाबा! उरलेले सोळाशे मी हलवणार नाही.

कराचं विचाराल. आपले सीए म्हणाले, विकताना जुने शेअर आधी गेले असं धरतात, आणि त्यांची खरेदीची किंमत म्हणून 31 जानेवारी 2018 चा भाव घेता येतो, त्यामुळे फारसा भार नाही.

बोनसच्या दिवशी भाव निम्मा दिसला आणि तुम्ही जेवला नाहीत, हे आईने मला नंतर सांगितलं. स्टेट बँकेचा दहाचा शेअर 2014 मध्ये एकचा झाला तेव्हा जिन्यात उभं राहून शेजारच्या काकांना कोण समजावत होतं? "तुकडे केले म्हणून भाकरी ना वाढते, ना कमी होते." तेव्हा शेअरच्या भावाचं ते अ‍ॅप सकाळी उघडायचं नाही. आधी बीपीची गोळी, मग चहा, मग पेपर.

आई, तुझ्यासाठी खालच्या मजल्यावरची खोली दोन महिने घेतली आहे, म्हणजे जिना नको. वॉकर येईल, कमोडची खुर्ची येईल, फिजिओथेरपीची मुलगी घरीच येईल. पोळ्यांना बाई ठरवल्यात, त्या आपल्याकडच्याच आहेत, वरण गोड करणार नाहीत. तू उठून "जरा बघते" म्हणायचं नाहीस. दांडिया बाजारच्या त्या घराचे तीन जिने मला कडेवर घेऊन तू चढायचीस, एका हातात भाजीची पिशवी. मी झोपेचं सोंग करायचे ते तुला कळायचं ना? तरी उतरवलं नाहीस.

मी ऑपरेशनच्या आधीच येतेय आणि टाके निघेपर्यंत बडोद्यातच आहे. रजा मंजूर झाली आहे, त्याची काळजी नको. बाबा, दवाखान्यात रात्री मी थांबणार, तुम्ही नाही. यावर चर्चा नाही. तुम्ही संध्याकाळी सूरसागरला फेरी मारून या आणि तिला कोण कोण भेटलं ते सांगा, तिचं दुखणं त्यानेच कमी होईल.

रागावला असाल तर आल्यावर रागवा.

तुमची,
चिमी

ता. क. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या कुणालाही ओटीपी द्यायचा नाही, कितीही गोड बोलला तरी. आणि शेवउसळ आठवड्यातून एकदाच, वरून तर्री न घेता.