पहाटेच्या नमुन्यांचा खर्च : काकाजींना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकाजी,
सविनय नमस्कार.

आपले नाव कुठेही छापायचे नाही, असे वचन आपण माझ्याकडून आधीच घेतले आहे आणि ते मी पाळत आहे. मात्र पत्रच लिहायचे नाही, असे आपण म्हणाला नव्हता. पर्यावरणशास्त्रातील एम.एस्सी.चा निकाल सांगायला मी पेढे घेऊन आले, तेव्हा आपण अर्धा पेढा तोंडात टाकून "बाटल्या धुऊन ठेवल्या ना?" एवढेच विचारले. त्या दिवशी मला जे बोलता आले नाही, ते येथे लिहीत आहे.

आमचे गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, एका मामा तलावाच्या पाळीखाली वसलेले आहे. बाहेरच्या वाचकांना हे नाव गमतीचे वाटते, म्हणून सांगते की 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातला. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत; त्यांतील कित्येक कोहळी समाजाच्या पूर्वजांनी धानाच्या पाण्यासाठी बांधले आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर ते शासनाकडे आले. माझे वडील ढीवर असून गावच्या मच्छीमार संस्थेचे सभासद आहेत, तर आई पावसाळ्यात धानाच्या रोवणीला आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जाते. 'पूर्वीसारखी मरळ आता का मिळत नाही?' हा या माशाबद्दलचा प्रश्न आमच्या घरात जेवताना रोज निघत असे, आणि मी हा विषय निवडला त्याचे मूळ कारणही तोच प्रश्न आहे.

गरीब विद्यार्थ्यांची अडचण म्हणजे शुल्क, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. माझे शुल्क शिष्यवृत्तीतून भागले. पहिल्या वर्षीची रक्कम मात्र अडकून पडली, कारण माझा आधार क्रमांक शाळेत असताना उघडलेल्या आणि पुढे बंद पडलेल्या बँक खात्याला जोडलेला होता. ते खाते शोधण्यात दोन दिवस गेले आणि ते दोन्ही दिवस आपण बँकेच्या बाकावर माझ्या शेजारी बसून होता. त्याबद्दलही ऋणी आहे, परंतु आपले खरे उपकार पुढचे आहेत.

माझ्या प्रबंधासाठी चार तलावांच्या पाण्याची वर्षभर तपासणी करायची होती. पाण्यातील वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्रभर त्या आणि मासे, जिवाणू असे सगळेच तो वापरत असल्यामुळे पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो. तलावाची खरी ओढाताण पाहायची, तर नमुना त्या वेळीच घ्यावा लागतो. आमच्या गावातून निघणारी पहिली एसटी साडेआठची. दुपारी बाराला पोहोचून घेतलेला नमुना ऑक्सिजन भरपूर दाखवतो आणि संशोधकाची खुशाल फसवणूक करतो. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे, त्या वर्गमित्रांना ही अडचण कधी जाणवलीच नाही. मला मात्र प्रत्येक नमुन्यासाठी परक्या गावात रात्रीचा मुक्काम करावा लागणार होता. बर्फ, थर्माकोलची पेटी, टॉर्चचे सेल, डोंग्यातून नेणाऱ्याची मजुरी आणि मुलीने एकटीने रात्र कुठे काढायची, या प्रश्नाला शिष्यवृत्तीच्या अर्जात कोणताही रकाना नाही.

हे ओळखणारे आपण एकटे होता. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून आपली सारी नोकरी गेली. विद्यार्थ्यांनी फोडलेल्या काचा गोळा करता करता कोणाचा नमुना खरा आणि कोणाचा बसल्या जागी लिहिलेला, हे आपल्याला नुसत्या वहीवरून कळत असे. निवृत्तिवेतनातून आपण माझा खर्च उचलला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी तलावांजवळच्या तीन गावांतल्या ढीवरांच्या घरी स्वतः जाऊन, त्या घरांतील बायांशी बोलून, माझ्या मुक्कामाची सोय आपण लावलीत, हे फार थोड्यांना माहीत आहे. डब्याच्या २० सेंटीमीटरच्या झाकणाला काळा-पांढरा रंग देऊन पाण्याची पारदर्शकता मोजायची तबकडी आपण करून दिलीत. नमुना काढल्याबरोबर काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून बाटलीतला ऑक्सिजन कसा बांधून ठेवायचा, तेही आपणच माझ्याकडून घोटवून घेतलेत. बाटलीत तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे आणि पांढरट राहिला तर नाही, हे पुस्तकात मी वाचले होते. पण बेशरम या माजणाऱ्या झुडपाने वेढलेल्या एका तलावाच्या काठी टॉर्चच्या उजेडात जवळजवळ पांढरा साका पाहिला, तेव्हा ते वाक्य मला पहिल्यांदा समजले.

त्या पांढऱ्या साक्यावरून मी निष्कर्ष काढून मोकळी झाले होते की ऑक्सिजन कमी पडला म्हणून मरळ गेली. आपण चहा पिता पिता म्हणालात, "पण मरळ तर वर येऊन हवा घेते, पोरी. तिचं काय अडलं मग?" मला त्या रात्री झोप लागली नाही. मरळ हवेतला प्राणवायू घेऊ शकते, ही गोष्ट माझ्या वडिलांना ठाऊक होती, आपल्याला ठाऊक होती आणि चार सत्रे शिकूनही मी ती हिशेबात धरली नव्हती. मरळ उथळ पाण्यातल्या वनस्पतींत घरटे करून अंडी घालते. काठच्या स्थानिक वनस्पतींची जागा बेशरमने घेतली तर तिच्या विणीची जागाच जाते. त्यानंतर प्रबंधाचा अर्धा भाग मी काठावरच्या वनस्पतींवर लिहिला. तोंडी परीक्षेत सर्वाधिक प्रश्न त्याच भागावर आले.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुलैमधले नमुने आपण मला रोवणी सुरू होण्याआधीच घ्यायला लावलेत, कारण ऐन रोवणीत माझी मजुरी बुडाली असती, तर आईला ती एकटीने भरून काढता आली नसती. माझ्या घरचा हिशेब पाहून संशोधनाचे वेळापत्रक आखणारे मार्गदर्शक विद्यापीठात सहसा भेटत नाहीत. हा टोमणा नाही. त्यांच्यापर्यंत तो हिशेब कधी पोहोचतच नाही.

अशा विद्यार्थ्यांसाठी काय करावे, असे दोन-तीन गृहस्थांनी मला विचारले आहे. सत्कार आणि शाल नको. कुठल्याही महाविद्यालयात जाऊन, पहाटेचा नमुना कोणाला घेता येत नाही एवढे विचारावे, असे मी त्यांना सांगितले आहे.

आपल्या निळ्या वहीत 'बर्फ ४० रुपये, डोंगा १०० रुपये' अशा नोंदी आहेत, पण परतफेडीचे पान नाही. मी पैसे पुढे केले, तेव्हा आपण वही मिटून कपाटावर ठेवलीत. म्हणून हे कळवते की बाटल्या धुऊन, वाळवून थर्माकोलच्या पेटीत भरल्या आहेत. पेटी आणि तबकडी येत्या गुरुवारी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी न्यायला येणार आहे. तिच्या गावची पहिली एसटी नऊची आहे. तिच्या मुक्कामासाठी त्याच तीन घरांतील बायांशी मी बोलले आहे. फक्त तलावावर घालायचे बूट तिला एक नंबर मोठे होतात, तेवढे आपण पाहावे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया