लहान मुलांच्या मोडलेल्या मनगटाला लगेच ऑपरेशनच लागतं का?

संपादक महोदय, सा. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात माझी 7 वर्षांची मुलगी आजोळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उडी मारताना हातावर पडली. मनगटाच्या जरा वर हाताला पायरी पडल्यासारखं दिसत होतं, बघूनच माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या काकू म्हणाल्या हाडवैद्याकडे न्या, तो दोन मिनिटात बसवून देतो, पण माझ्या भावाने कुणाचंच ऐकलं नाही, हाताखाली पुठ्ठा ठेवून ओढणीने गळ्यात अडकवला आणि सरळ गाडी काढली.

पहिल्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला तर हाडाचं टोक पूर्ण सरकून दुसऱ्या तुकड्यावर चढलेलं. लगेच ॲडमिट करा, भूल देऊन हाड बसवू, दोन वायर टाकू, नाहीतर हात कायमचा वाकडा राहील असं सांगून फॉर्म पुढे केला. दुसरा काही मार्ग नाही का विचारलं तर म्हणाले, "मुलीची जात आहे, विचार करा." ते वाक्य मला अजून टोचतं.

सही न करता आम्ही फक्त आधाराची पट्टी बांधून घेतली आणि दुसऱ्या दिवशी खास लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी मुलीला बोटं हलवायला लावली, प्रत्येक बोटाला हात लावून कळतंय का विचारलं, नखं दाबून रंग परत येतोय का पाहिलं आणि मग केसपेपरच्या मागे पेनने हाड काढून दाखवलं. मनगटाजवळ हाड वाढवणारी एक चकती असते, रेडियस म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची जवळपास 75 ते 80 टक्के लांबी तिथूनच वाढते, म्हणून 10 वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये इथलं मोडलेलं हाड एकावर एक चढून जुळलं तरी वाढता वाढता आपोआप सरळ होत जातं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2012 मध्ये अशाच 51 मुलांची माहिती छापली होती, त्यात भूल न देता फक्त प्लास्टर घातलं होतं आणि सगळ्यांची हाडं जुळून मनगट पूर्ण हलायला लागलं, हेही त्यांनी सांगितलं.

तिचा हात हलकेच जरा सरळ करून त्यांनी प्लास्टर घातलं. दर आठवड्याला एक्स-रे, पाच आठवड्यांनी प्लास्टर काढलं. आतून हात बारीक झालेला, कातडी सुटलेली, त्यावर काळी लव वाढलेली, आणि मनगटावर टेंगूळ तसंच. खरा कठीण काळ मला विचाराल तर तो होता. घरात येणारा प्रत्येक जण हात उलटापालटा करून बघायचा आणि "वाकडाच राहिला की गं" म्हणायचा, मी रात्री ती झोपल्यावर तिचे दोन्ही हात शेजारी ठेवून बघत बसायचे. दिवाळीपर्यंत टेंगूळ निम्मं झालं. मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी खिडकीच्या काचेवर जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी धरला तेव्हा नवीन फोटोत हाड कुठे मोडलं होतं ते मला शोधूनही सापडलं नाही.

ऑपरेशन वाईट असं माझं म्हणणं नाही हो. मूल 13-14 वर्षांचं असेल तर वाढ थोडीच शिल्लक असते, हाड पिळलं गेलं असेल तर ते आपोआप सुटत नाही, जखम होऊन हाड बाहेर आलं असेल किंवा बोटं बधिर, निळी पडत असतील तर एक तासही थांबू नये, आणि कोपराचं फ्रॅक्चर हा वेगळाच प्रकार, त्याला हा नियम लावू नका. पण मूल लहान असेल, मनगटाचंच हाड असेल आणि बोटं नीट असतील तर "हे वाढीबरोबर सरळ होईल का" एवढा प्रश्न विचारायचा आईबापाला हक्क आहे आणि त्याचं उत्तर न घाबरवता द्यायला पाहिजे. भुलीची जोखीम, वायरच्या जागी इन्फेक्शन, आणि खर्च, हे सगळं आमच्यासारख्यांनी अर्ध्या तासात कसं ठरवायचं?

आणि मालिश करून, बांबूच्या कामट्या करकचून बांधून मुलांचे हात बसवणं कृपा करून थांबवा. रक्तपुरवठा बंद पडला तर हात जायची वेळ येते. प्लास्टर घातल्यावरही दुखणं वाढत गेलं, बोटं सुजली किंवा सरळ करताना मूल ओरडायला लागलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच परत न्या.

सुट्ट्या लागल्या की झाडं, सायकली, गच्च्या आल्याच. तेव्हा एप्रिल उजाडायच्या आत तुमच्या आरोग्याच्या पानावर लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडून यावर सविस्तर लिहून घ्या, आणि जमलं तर असे दोन एक्स-रे शेजारी शेजारी छापा, माझ्या मुलीचे द्यायला मी तयार आहे.

एक आई, कराड