अंकलामच्या पंखांवरचं कापड

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आप्पा इचलकरंजीला सुखरूप पोचले. बॅग उघडायच्या आधी त्यांनी शर्टाच्या खिशातलं पाकीट काढलं आणि कापडाचा तो तळहाताएवढा तुकडा आईच्या हातावर ठेवला. आईनं फोनवर हे सांगितलं तेव्हाच मी ठरवलं, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन जोडलेले हात पाठवून तुमचे आभार मानायचे नाहीत. चार लोकांनी वाचावं असं पत्र लिहायचं.

तुम्ही आम्हाला ओळखतही नव्हता. आप्पा तीन आठवड्यांसाठी बर्लिनला आले होते. घराजवळ आहे म्हणून मी त्यांना लिश्टरफेल्डेच्या टेकडीवर नेलं. इंजिनाशिवाय, नुसत्या पंखांच्या विमानानं उडणारे जर्मन अभियंते ओटो लिलिएन्थाल यांनी 1894 मध्ये उड्या घेण्यासाठी 15 मीटर उंचीची ही टेकडी मुद्दाम रचून घेतली होती. पंखाला लटकलेल्या त्या माणसाचा फोटो आप्पांनी बराच वेळ न्याहाळला आणि एकच विचारलं, "कापड कुठलं गं हे?" अडतीस वर्षं यंत्रमागावर उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरा प्रश्न पडलाच नसता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंकलाम या त्यांच्या जन्मगावी लिलिएन्थाल यांचं संग्रहालय आहे एवढं माहीत होतं, पण माझं जर्मन भाजी आणण्यापुरतं. रात्री दहाला मराठी मंडळींच्या ग्रुपवर विचारलं, कुणी सोबत येईल का? पाच मिनिटांत तुमचा निरोप आला, "शुक्रवारी रजा टाकते."

दोन-अडीच तासांच्या त्या रेल्वे प्रवासात तुम्ही आप्पांना जे सांगितलंत, ते ते आजही जसंच्या तसं सांगतात. 1848 मध्ये अंकलाममध्ये जन्मलेला हा ओटो धाकटा भाऊ गुस्ताव याच्यासोबत कुरणांतले करकोचे बघत बसायचा. पुढे दोघांनी सपाट आणि बाकदार पंखांवर हवेचा जोर किती येतो ते वर्षानुवर्षं मोजलं आणि 1889 मध्ये ओटोंनी ते पुस्तकात छापलं. मग 1891 पासून प्रत्यक्ष उड्या सुरू झाल्या. दोन हजारांहून जास्त, सर्वांत लांब 250 मीटरपर्यंत. पण आप्पांनी तुम्हाला पुन्हा सांगायला लावलं ते वेगळंच. लिलिएन्थाल यांचा बर्लिनमध्ये बॉयलर आणि वाफेच्या इंजिनांचा कारखाना होता आणि 1890 मध्ये त्यांनी कामगारांना नफ्यात 25 टक्के वाटा द्यायला सुरुवात केली. आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग उडताना पडून तो गेला तेव्हा त्याची माणसं रडली असतील."

संग्रहालयात छताला टांगलेली ती विमानं पाहून मी आप्पांना म्हणाले, "या नकला आहेत, खरी लंडन, वॉशिंग्टन, मॉस्को, व्हिएन्ना, म्युनिकला आहेत." त्यांचा चेहरा उतरला. मी हे बोलायला नको होतं, आणि नकला म्हणून त्यांना कमी लेखणं चूकही होतं. तुम्ही मला गप्प केलं नाहीत, आप्पांजवळ जाऊन उभ्या राहिलात. सव्वाशे वर्षांचं जीर्ण कापड ताणून बघता येत नाही, वाऱ्यात धरता येत नाही, हे तुम्ही त्यांना समजावलंत. जुने फोटो, आराखडे आणि उरलेले पंख यांवरून कुणीतरी ते पुन्हा घडवतं, तेव्हाच ते कसं चालत होतं ते कळतं.

मग आप्पांना राहवेना. 6.7 मीटर रुंदीचा पंख आणि वजन जेमतेम 20 किलो! विलो झाडाच्या लवचीक काठ्या मधल्या लाकडी खोबणीतून पंख्यासारख्या पसरलेल्या. वटवाघळासारखे मिटून ठेवता येतात हे कळल्यावर ते म्हणाले, "छत्रीचंच काम की." कापड सुती आहे, मांजरपाटासारखं, हे त्यांनी लांबूनच ओळखलं. खिशात नेहमीची धागे मोजायची घडीची काच होतीच. तुम्ही तिथल्या बाईंना विचारलंत, हे गृहस्थ विणकर आहेत, जवळून बघू द्याल का? त्यांनी आतून उरलेला तुकडा आणून दिला.

पुढचा अर्धा तास मी नुसती बघत होते. एका बाजूला ताणा (उभे धागे), बाणा (आडवे धागे), पन्ना (कापडाची रुंदी), खळ, दुसऱ्या बाजूला जर्मन, आणि मधे तुम्ही. ताण्याला जर्मनमध्ये 'केटे' म्हणजे साखळी म्हणतात आणि बाण्याला 'शुस' म्हणजे गोळी सुटणं, हे सांगितलंत तेव्हा आप्पांनी हातानं धोटा (आडवा धागा नेणारी नळी) मारून दाखवला आणि त्या बाईंनी जोरजोरात मान हलवली. विणीतून हवा खालून वर निसटली तर पंखाची उचल कमी होते, म्हणून उरलेलं मूळ कापड तपासून तसंच कापड नव्यानं खास विणून घेतलं. ते कापड लावलेल्या प्रतिकृतीची 2016 मध्ये नेदरलँड्समधल्या मोठ्या हवाई बोगद्यात, म्हणजे जोराचा वारा सोडून विमान तपासतात तिथे, चाचणी झाली आणि विमान हवेत स्थिर राहू शकत होतं असं दिसलं. आप्पांनी हे सगळं डायरीत लिहिलंय. जन्मभर त्यांनी पांढरे तागे गाडीत चढवले, पुढे त्या कापडाचं काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही.

निघताना त्यांनी विचारलेला प्रश्न तुम्हाला आठवत असेल. 9 ऑगस्ट 1896 ला श्टोल्न गावाजवळच्या टेकडीवर लिलिएन्थाल पडले आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये गेले, तेव्हा कापड फाटलं होतं का? तुम्ही मान हलवून हा प्रश्नही पोचवलात. वाऱ्याच्या झोतानं विमान वर उचललं गेलं, वेग संपला, पाय पुढे झोकूनही तोल सावरला नाही आणि ते साधारण 15 मीटरवरून कोसळले, असं उत्तर मिळालं. आप्पा म्हणाले, "म्हणजे कापडानं दगा दिला नाही." हे वाक्य तुम्ही भाषांतर न करता तसंच राहू दिलंत. त्याबद्दलही तुमचे आभार, ताई.

त्यांनी काचेखाली धागे मोजले आहेत. ओळखीच्या एका मागवाल्याकडे तसंच दोन मीटर कापड काढून घ्यायचं चाललंय. ते तुमच्यासाठी आहे. पत्ता कळवा. आई सोबत भडंग पाठवणार आहे.

तुमचीच,
आप्पांची लेक