आधी पत्रा ठोठावा, मग शीट विकत घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी गाडी नव्याने उभी करताना पैसा इंजिनात आणि रंगात जातो. आवाज रोखणाऱ्या शीटची पाळी येईपर्यंत हात आखडलेला असतो. मग मिळेल तो स्वस्त रोल आणून टपापासून डिकीपर्यंत सगळा पत्रा झाकला जातो. गाडी जड होते, आवाज थोडासाच उतरतो आणि कडक उन्हात आत डांबराचा वास कोंडतो. याच पैशात बरेच चांगले काम होऊ शकते. गाडीकामाशी संबंध असलेल्यांनी ते सविस्तर सांगायला हवे, म्हणून हे पत्र.

चंदेरी फॉइलचे ब्युटाइल (चिकट रबराचे) शीट बाहेरचा आवाज फारसा अडवत नाही. त्याचे काम पत्र्याचा कंप मारण्याचे. पत्रा थरथरला की पत्रा आणि फॉइल यांच्यामधला चिकट थर मागेपुढे ताणला जातो आणि त्या ओढाताणीत कंपाची ऊर्जा उष्णता होऊन विरते. म्हणूनच फॉइल ताठ लागते. साधारण ०.१ मिमी जाडीचे फॉइल चांगले काम देते. चॉकलेटच्या वेष्टनासारखे सुरकुतणारे फॉइल खाली कितीही जाड थर असला तरी उपयोगाचे नाही.

आता खर्चाचा मुद्दा. कंप मारण्यासाठी सगळा पत्रा झाकावा लागत नाही. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर सुमारे पाव क्षेत्रफळ झाकले की बहुतेक घुमणे थांबते. पुढे वाढवत नेलेल्या प्रत्येक तुकड्याचा फायदा कमी होत जातो. तळ, दारे, टप आणि मागची बाजू मिळून १० चौरस मीटर पत्रा धरा. २ मिमी ब्युटाइल शीटचे वजन चौरस मीटरला ३ ते ४ किलो असते. पूर्ण झाकले तर ३० ते ४० किलो, पाव भाग झाकला तर ८ ते १० किलो. जुन्या बिजागऱ्यांवर लटकणाऱ्या दारांना हा फरक लगेच जाणवतो. थोडक्यात, चांगला माल कमी जागेत लावणे हीच खरी काटकसर.

जागा शोधायला बोटाची पेरे पुरतात. पत्रा ठोठावत जा. जिथे डब्यासारखा घुमतो तिथे तुकडा लावा आणि पुन्हा ठोठावा. ‘ठप्प’ असा बसका आवाज आला की पुढे सरका. दाबून काढलेल्या पन्हळ्या आणि घड्या आधीच ताठ असतात. त्यांच्यावर शीट वाया घालवू नका, त्यांच्यामधल्या सपाट पट्ट्या धरा.

बांधकामात गळती थांबवायला वापरतात ती फॉइलची चिकट पट्टी बरेच जण स्वस्त पर्याय म्हणून घेतात. त्यात दोन जाती आहेत. ब्युटाइलची पट्टी फॉइल पुरेसे जाड असेल तर चालून जाते. डांबरी पट्टी मात्र टपाला आणि दाराला अजिबात लावू नये. उन्हात उभ्या गडद रंगाच्या गाडीचा टप ७० अंशांपलीकडे जाऊ शकतो आणि त्या तापमानाला मऊ डांबर ओघळू लागते. नुसत्या लेबलावर विसंबू नका. तळहाताएवढा तुकडा भंगार पत्र्यावर चिकटवा, पत्र्याची दुसरी बाजू काळी रंगवा, ती सूर्याकडे करून पत्रा उभा ठेवा आणि तुकड्याच्या खालच्या कडेशी पेनाने रेघ मारा. चार-पाच कडक दिवसांनी तुकडा रेघेखाली उतरला असेल, कडेने काळा पाझर आला असेल किंवा वास सुटत असेल, तर तो माल गाडीत नको. तळावरच्या डांबरी पॅडची गोष्ट वेगळी. कारखान्यातच तापवून पत्र्याला बसवलेली असली पॅड अनेक गाड्यांत वर्षानुवर्षे टिकली आहेत. मात्र ती आडवी असतात आणि त्यांचे डांबरही टणक असते.

एसीच्या नळ्यांना गुंडाळतात तो काळा नायट्राइल फोम आणि बंद पेशींचा पॉलिथिलीन फोम ६ मिमी जाडीत उपयोगी पडतात, पण कंप मारायला नव्हे. दाराचे आतले पॅड आणि पत्रा एकमेकांवर खडखडू नयेत, उष्णता अडावी आणि पाणी शोषले जाऊ नये, यासाठी ते घ्यावेत. बुडबुड्यांची चंदेरी चादर फक्त तापलेल्या वस्तूची झळ परतवते. आवाजासाठी ती घेणे म्हणजे निव्वळ पैसे फुकट. डब्यातून फवारायचा फुगणारा फोम दाराखालच्या पोकळ पट्टीत भरण्याची टूम तर घातक आहे. तो पाणी धरतो, निचऱ्याची भोके बुजवतो आणि पत्रा आतून कुजतो. तो तिथून काढायचा म्हणजे पत्रा कापावा लागतो.

रस्त्याचा आणि इंजिनाचा आवाज अडवायचा असेल तर वजनदार व्हिनाइल (जड प्लास्टिकची चादर) लागते, चौरस मीटरला साधारण ५ किलोचे. ते सर्वांत महाग आणि सर्वांत जड, म्हणून फक्त फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) आणि पुढच्या पायांखालचा तळ एवढ्यासाठी ठेवा. खाली फोम, वर व्हिनाइल, सांधे टेपने बंद. ते पत्र्याला थेट चिकटवले तर निम्मा गुण जातो. छोटी फट राहिली तरी आवाज तिथूनच येतो.

यातले काहीही आणण्याआधी फटी तपासा. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निसटला तर दाराच्या कडेचे रबरी बीडिंग दबून निकामी झाले आहे, आणि नवे बीडिंग शीटच्या रोलपेक्षा वाऱ्याचा आवाज जास्त कमी करील. फायरवॉलमधून वायर आणि केबल जातात तिथल्या भोकांतली रबरी कडी (ग्रोमेट), गिअर लिव्हरचे रबर, इंजिनाचे माउंटिंग, सायलेन्सरचे सांधे हे सगळे आधी पाहा. गळका सायलेन्सर कोणत्याही शीटने शांत होत नाही, आणि त्याचा धूर आत येणे हा आवाजाहून मोठा धोका आहे.

लावण्याच्या कामात सर्वाधिक चुका पत्रा तयार करताना होतात. जुने डांबरी पॅड हीट गनने तापवून पत्रीने खरवडा. डांबर पेटेल इतके तापवू नका, दारे उघडी ठेवा. त्याखाली गंज हमखास सापडतो. वायर ब्रशने तो काढून इपॉक्सी प्राइमर आणि रंग द्या, सांधे सीलरने भरा आणि पूर्ण वाळू द्या. गंजावर शीट चिकटवली की ओल तिच्याखाली अडकते आणि तळाला भोक पडेपर्यंत कळत नाही. चिकटवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थंडीत काम करू नका, पत्रा आणि शीट दोन्ही किमान २० अंशांवर असावेत. फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवा. फुगा राहिला तर टाचणीने टोचून हवा काढा.

दारात काम करताना आधी काच पूर्ण खाली घ्या आणि तिच्या वाटेत शीट येत नाही ना ते पाहा. दाराच्या तळाची निचऱ्याची भोके उघडी राहिलीच पाहिजेत. दाराच्या पॅडमागचे प्लास्टिकही परत लावा, नाहीतर पाण्याने पॅड फुगते.

कार्पेटखाली ज्यूटचे फेल्ट घालणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ते आवाज छान शोषते, पण भिजले की आठवडाभर ओले राहते. ज्या गाडीची पुढची काच किंवा डिकी गळते तिच्यात पॉलिस्टरचे फेल्ट बरे. एक्झॉस्टची नळी खालून जाते त्या तळाच्या उंचवट्यावर दोन्ही नकोत. तिथे उष्णतारोधक शीट लावा, आणि बॉनेटखाली आग लागल्यास आपोआप विझणारा माल असेल तरच लावा.

आणखी एक. शीट लावल्यावर कधी तळाला वेल्डिंग करायचे झाले तर त्या जागेच्या भोवतीची शीट, फोम आणि फेल्ट आधी काढून घ्या आणि वेल्डरला तसे बजावून सांगा. तळाच्या खालून ठिणगी लागते आणि आग आत, कार्पेटखाली धुमसते. ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

आपला,
जुन्या गाड्यांच्या पत्राकामातला एक वाचक