रोवणीआधी हत्तीपायाच्या रुग्णांसाठी साबण, मलम आणि चपला हव्यात

सप्रेम नमस्कार.

आपल्या धानाच्या पट्ट्यात रोवणी लागली की दिवसभर पाय बांधीतल्या चिखलात असतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. एरवी त्या चार दिवसांत सुकतात. हत्तीपायाच्या रुग्णाला मात्र त्याच भेगेतून जिवाणू आत शिरतात. मग हुडहुडी भरून ताप, पाय लालबुंद, जांघेत अवधाण. आठवडाभराची मजुरी बुडते ती वेगळीच. अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढते, कातडी जाड होते.

डासांवाटे आलेल्या जंतांनी पायातल्या लसिकावाहिन्या, म्हणजे अंगातले जास्तीचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, निकामी केलेल्या असतात. जंत मेले तरी त्या पूर्ववत होत नाहीत. सामुदायिक मोहिमेतल्या गोळ्या जरूर घ्याव्यात, त्यांनी रोगाचा प्रसार थांबतो; पण जुनी सूज गोळ्यांनी उतरत नाही. झटके मात्र थांबवता येतात, आणि ते काम मुख्यतः साबण-पाण्याचे आहे.

पाय रोज दोनदा धुवायचा. पाणी साधे, गरम नको. संवेदना मंदावलेल्या कातडीला चटका कळत नाही. साबणाचा फेस हाताने गुडघ्यापासून खाली लावत यायचे. प्रत्येक घडी आणि प्रत्येक बेचके मऊ कापडाने साफ करायचे, ब्रश किंवा दगड वापरायचा नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचे. नंतर टिपून कोरडे करायचे, घासायचे नाही. बहुतेकांचे चुकते ते इथेच: पाय कोरडा होतो, बेचकी ओली राहतात आणि बुरशी तिथेच धरते. म्हणून शेवटी बेचक्यांत बुरशीचे मलम. रात्री खाटेच्या पायथ्याखाली विटा, बसताना पाय स्टुलावर, दिवसातून दोन-तीनदा घोटा वर-खाली आणि गोल फिरवणे. झटका आला असेल तेव्हा व्यायाम, मालिश, पट्टी सगळे बंद. थंड पाण्याची घडी ठेवून थेट आरोग्य केंद्रात.

सरकारी किटमधला टब आणि मग्गा टिकतात, साबण आणि मलम संपते. संपले की धुणेही सुटते. म्हणून एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा एका रुग्णाचा पावसाळ्याचे चार महिने भार उचलावा, अशी विनंती आहे. महिन्याला एका रुग्णामागे अंगाचे साधे साबण 2, क्लोट्रिमॅझोल मलमाच्या ट्यूब 2 आणि उकळून उन्हात वाळवलेल्या जुन्या सुती धोतराचे किंवा लुगड्याचे तुकडे 8 असा आमचा हिशेब आहे. शिवाय वर्षाला एक जोड चपला: मऊ तळव्याच्या, रुंद, पट्टा सैल-घट्ट करता येणाऱ्या. पायाचे माप आमच्याकडून न्यावे. बाजारातली अंगठ्याची चपल बेचक्यात घासते, ती आणू नये.

क्रेप बँडेजही कृपया देऊ नका. ते फार ताणले जाते, चुकीचे बांधले तर वरच आवळते आणि पंजा आणखी सुजतो. कमी ताणाच्या पट्ट्या लागतात, त्याही डॉक्टरांनी पाय तपासून सांगितल्यावरच. त्यांच्यासाठी रोख मदत चालेल.

पैसे नसतील तर हात द्या. काही वयस्क रुग्णांना वाकून स्वतःच्या बोटांपर्यंत पोहोचता येत नाही. त्यांचा पाय धुवायला संध्याकाळी अर्धा तास देणारी माणसे हवी आहेत. हा आजार स्पर्शाने लागत नाही. धुण्याची पद्धत आशाताई शिकवतील.

वस्तू मृग लागण्याआधी ग्रामपंचायत कार्यालयात जमा कराव्यात. रोख देणगीची पावती तिथेच मिळेल. ती मागून घ्यावी.

— ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती