आईच्या हाताचे माप घेणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

कपाट भिंतीला लावून, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून तुम्ही आमच्या घरून निघालात, त्याला आज सात आठवडे झाले. मी दारापर्यंत तुमच्यासोबत आलो, पैशांचे पाकीट हातात दिले आणि ‘छान झालं काम’ एवढेच कसेबसे म्हणालो. त्या वेळी त्याहून अधिक बोलता आले नाही, कारण बोलू लागलो असतो तर आवाज नीट राहिला नसता. जे तेव्हा राहून गेले ते आज सर्वांसमक्ष लिहीत आहे. ‘माझे नाव कुठे घालू नका’ असे तुम्ही फोनवर निक्षून सांगितलेत, म्हणून ते लिहीत नाही. पण लालबागमध्ये ज्या गल्लीत तुमचे दुकान आहे तिथली माणसे हे वाचून तुम्हाला ओळखतील, आणि त्यांनी ओळखावे अशीच माझी इच्छा आहे.

ज्यांना आमची हकीकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. माझे वडील व्यापारी जहाजांवर इंजिनियर होते आणि बंदरोबंदरी फिरताना त्यांनी तंबाखू ओढण्याचे पाइप जमवले. एकूण तेवीस. त्यांत लंडनच्या डनहिलचा, दांडीवर पांढरा ठिपका असलेला एक आहे. डब्लिनच्या पीटरसनचे दोन आहेत. अमेरिकेतल्या मिसुरीत मक्याच्या कणसापासून करतात तो हलका, पिवळसर पाइप आहे. हॉलंडमधल्या गौडा गावाची पांढऱ्या मातीची लांब नळी आहे. आणि इस्तंबूलहून आणलेला मेअरशॉमचा एक आहे, ज्याचा मऊ पांढरा दगड तुर्कस्तानातील एस्किशेहिरजवळच्या खाणींतून निघतो आणि वापरता वापरता मधासारखा पिवळा होत जातो. बाकीचे बहुतेक ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या एका झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीतून कोरलेले. डॉक्टरांनी बजावल्यावर वडिलांनी 1996 साली तंबाखू सोडली ती कायमची. पण पाइप मात्र ठेवले.

ते जहाजावर असत तेव्हा घरी राहिलेले पाइप आई सांभाळत असे. मुंबईच्या जुलैमध्ये ब्रायरवर चार दिवसांत पांढरी बुरशी धरते आणि काळ्या रबरी दांड्या उजेडाने व दमटपणाने हिरवट पडतात, म्हणून दर शनिवारी दुपारी मलमलच्या फडक्याने एकेक पाइप पुसून पुन्हा डब्यात ठेवायचा हा तिचा नेम झाला. वडील आठ-आठ, नऊ-नऊ महिने समुद्रावर असत. त्या काळात हा शनिवार तिने एकदाही चुकवला नाही, आणि तीन वर्षांपूर्वी वडील गेल्यावरही तो चुकला नाही. डबे उतरवणे मात्र तिला जमेनासे झाले. तिचा उजवा खांदा आखडला आहे. हात छातीच्या वर जात नाही. पाइप डब्यांतून निघून तिच्या डोळ्यांसमोर, काचेआड यावेत, एवढ्यासाठी मला कपाट हवे होते.

ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एका बंद पडलेल्या दवाखान्याचे सागवानी कपाट मिळाले. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, वरच्या भागाला काचेची दोन दारे आणि खाली दोन खण. आतल्या एका छोट्या कप्प्याला वेगळे कुलूप होते आणि त्याच्या दारावर लाल रंगात ‘विषारी’ असे देवनागरीत लिहिलेले होते. लाकूड इतके सरळ आणि भरीव होते की मी घासाघीस न करता पैसे मोजले. अडचण एकच होती: दार उघडले की जुन्या औषधांचा उग्र दर्प येई, आणि ब्रायर असा वास चटकन धरून ठेवतो.

त्यानंतरचे आठ महिने कसे गेले ते लिहितानाही मला त्रास होतो. एका मोठ्या दुकानातील गृहस्थांनी कपाटाकडे धड पाहिलेसुद्धा नाही. ‘हा भंगार माल द्या टाकून, आमचे तयार युनिट घ्या, आत एलईडी बसवून देतो’ असे म्हणून त्यांनी किमतींचा कागद पुढे सरकवला. दुसऱ्या एका कारखानदारांनी आगाऊ रक्कम घेतली, कपाट आणि मापासाठी काही पाइप ठेवून घेतले, आणि अडीच महिने फोन उचलला नाही. परत आले तेव्हा सागवानावर आतून सनमायका चिकटवलेला होता, कप्प्यांत स्पंज भरलेला होता आणि दारांच्या कडांना रबरी पट्टी लावून हवा पूर्ण कोंडलेली होती. औषधांचा दर्प होता तसाच होता, त्यात गोंदाचा वास मिसळला होता. गौड्याची मातीची नळी तीन तुकडे होऊन वर्तमानपत्रात गुंडाळून परत मिळाली. मी विचारले तेव्हा उत्तर आले, ‘मातीचीच होती ना साहेब.’ ती नळी वडिलांनी हॉलंडहून मुंबईपर्यंत टॉवेलात गुंडाळून, मांडीवर ठेवून आणली होती. मी त्या माणसाशी भांडलो नाही. घरी येऊन आईला काय सांगावे हे सुचेना, म्हणून तासभर जिन्यातच बसून राहिलो.

अशा मनःस्थितीत मी तुमच्याकडे आलो, आणि खरे सांगायचे तर तुमच्याकडून फारशी आशा धरून आलो नव्हतो. तुम्ही कपाट पाहायला घरी आलात. सनमायकाच्या कडेखाली पटाशीचे टोक घालून खालचे लाकूड पाहिलेत आणि म्हणालात, ‘लाकडाने काही वाईट केलेले नाही, याला मोकळे करू.’ गेल्या आठ महिन्यांत कोणी त्या कपाटाबद्दल चांगला शब्द बोलण्याची ती पहिलीच वेळ होती.

तुम्ही काय काय केले त्याची जंत्री मी येथे देत नाही; ते तुमचे कसब आहे आणि ते तुम्हीच सांगावे. फळ्या उन्हात न टाकता सावलीत वाऱ्यावर तीन आठवडे उभ्या ठेवल्या, आतून मेलामाईनचे चकचकीत पॉलिश न मारता स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचा पातळ हात दिला, मागच्या फळीला वर-खाली भोके पाडून त्यांवर बारीक पितळी जाळी बसवली, एवढे मला कळले. दर्प गेला. आता दार उघडले की नुसत्या सागाचा वास येतो, आणि फार जवळ नाक नेले तर वडिलांच्या शर्टाला येई तसा, अगदी पुसट.

परंतु हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. चांगले काम करणारे कारागीर मुंबईत आजही आहेत. मी लिहितो आहे ते तुम्ही माप घ्यायला आलात त्या रविवारच्या सकाळसाठी.

तुम्ही भिंत मोजलीत, कपाट मोजलेत, पाइप एकेक करून हातात घेऊन त्यांच्या वाट्यांचा घेर आणि दांड्यांची लांबी वहीत उतरवलीत. घेण्याआधी हात धुऊन पंच्याला पुसलेत, हेही मी पाहिले. नंतर मला विचारलेत, ‘हे पुसतं कोण?’ मी म्हणालो, ‘आई.’ आई तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सगळे पाहत होती आणि नेहमीप्रमाणे गप्प होती, कारण तोवर आलेल्या कोणीही तिच्याशी एक शब्द बोललेले नव्हते. तुम्ही फूटपट्टी खाली ठेवलीत, तिच्यासमोर जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, ‘काकी, जरा उठा बघू. इथे भिंतीजवळ या. आता हात वर करा. दुखेल तिथपर्यंत नको, न दुखता जाईल तिथपर्यंत.’

आई उठली. तिने पदर सावरला आणि उजवा हात हळूहळू वर नेला. जिथे तो थांबला तिथे तिच्या बोटांच्या टोकाशी तुम्ही पेन्सिलने बारीक आडवी रेघ मारलीत. मग म्हणालात, ‘आता खाली वाका, कंबर धरणार नाही इतकंच.’ तिथे दुसरी रेघ. दोन्ही रेघांची जमिनीपासूनची उंची तुम्ही मोजलीत, वरची तीन फूट आठ इंच आणि खालची दोन फूट चार इंच, आणि वहीत पाइपांच्या मापांच्या वर, सगळ्यांत पहिल्यांदा, ती लिहिलीत. मला म्हणालात, ‘साहेब, तेवीसच्या तेवीस या दोन रेघांच्या मध्ये बसवतो. वरच्या फळ्यांवर तुम्ही पुस्तकं ठेवा.’

मिस्त्री, मी त्या आईचा मुलगा आहे. आठ महिने मी कपाटाच्या मागे धावत होतो, लाकडाबद्दल वाचत होतो, काचेची जाडी ठरवत होतो, आणि हे सगळे जिच्यासाठी चालले होते तिचा हात कुठवर पोहोचतो हे पाहण्याचे मला एकदाही सुचले नव्हते. पूर्वीचे कपाट जसेच्या तसे उभे केले असते तर पाइपांचा वरचा कप्पा पाच फुटांवर गेला असता. आई काचेतून पाहत बसली असती आणि शनिवारी मला हाक मारत राहिली असती, किंवा मला त्रास नको म्हणून हाक न मारताच तिने तो नेम सोडून दिला असता. ती दुसरी गोष्टच झाली असती हे मला माझ्या आईच्या स्वभावावरून ठाऊक आहे.

कामाचा मोबदला सगळेच घेतात आणि तो घ्यायलाच हवा. पण वस्तू कोणाच्या हातात जाणार आहे हे विचारणे, त्या माणसाला खुर्चीतून उठवून त्याच्याशी बोलणे, त्याच्या दुखऱ्या खांद्याला पेन्सिलच्या रेघेइतका मान देणे, हे कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेले नसते. तुमच्या त्या दोन मिनिटांत माझ्या आईला कित्येक दिवसांनी कोणीतरी घरातली कर्ती बाई म्हणून विचारले. तुम्ही गेल्यावर तिने चहा टाकला आणि मला म्हणाली, ‘माणूस शहाणा आहे.’ आमच्या घरात ही पदवी सहज मिळत नाही.

आणखी दोन गोष्टी लिहितो. दारांची कडी पूर्वी अगदी वर होती, ती काढून तुम्ही आईच्या हाताच्या उंचीवर पितळी मूठ बसवलीत आणि वरचे जुने भोक सागाच्याच तुकड्याने असे भरलेत की रेषा रेषेला मिळाली; माहीत असल्याशिवाय ते दिसत नाही, पण मी रोज बोट फिरवून शोधतो. दुसरे असे की, ‘विषारी’ ही अक्षरे खरवडू का, असे तुम्ही विचारलेत तेव्हा तेही तुम्ही मला न विचारता आईला विचारलेत. ती म्हणाली, ‘राहू द्या. नातवंडं वाचतील.’ तंबाखूने वडिलांच्या छातीचे काय केले ते तिने शेवटची सहा वर्षे रात्री उशाशी बसून पाहिले आहे. पाइपांवर तिचे प्रेम आहे, त्यांतून निघालेल्या धुरावर नाही, आणि तिच्या मनातला हा फरक तुम्ही काही न सांगता समजून घेतलात. त्या छोट्या कप्प्यात आता मातीच्या नळीचे तीन तुकडे आहेत. तुम्ही त्यांच्यासाठी तीन वेगवेगळ्या खाचा केल्यात, जोडण्याचा आग्रह धरला नाहीत.

भिंतीवरच्या दोन्ही रेघा तशाच आहेत. खालची कपाटाआड गेली, वरची कपाटाच्या कडेला चार बोटे बाहेर दिसते. पुढच्या वर्षी घराला रंग द्यायचा आहे. रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला सांगणार आहे.

गेल्या शनिवारी आईने सगळे पाइप पुसले. मध्येच मी मदतीला उठलो तर तिने हातानेच मला बसायला सांगितले. डाव्या हाताने दार धरून, उजव्या हाताने एकेक पाइप काढून, फडक्याने वाटी, मग दांडी, मग दांडीचे टोक असे ती करत होती, आणि एकदाही तिचा हात त्या रेघेच्या वर गेला नाही.

पावसाने उजवे दार थोडे फुगले आहे आणि लावताना खाली घासते. पहिल्या पावसाळ्यात असे होईल, रंधा मारू नका, दिवाळीपर्यंत थांबा, मी येऊन पाहीन, असे तुम्ही सांगून गेला होतात, म्हणून आम्ही कोणाला हात लावू दिलेला नाही. दिवाळी झाली की या. येण्याआधी फोन करा म्हणजे आई तुमच्यासाठी घावणे करील. तुम्ही सावंतवाडीकडचे आहात हे तिने त्याच दिवशी तुमच्या बोलण्यावरून ओळखले होते.

तुमचा कृतज्ञ,
शनिवारी कपाट उघडणाऱ्या काकींचा मुलगा